भेंडीच्या केवड्याला आरएनएचा उतारा

चवथ जवळ आली की गोव्यात मापशाच्या बाजारात सात शिरांची भेंडी दिसायला लागते, लांबलचक, फिकट हिरवी. आणि भेंडी लावणाऱ्याला धास्ती असते ती केवडा नावाच्या व्हायरसच्या रोगाची. आधी पानाच्या शिरा पिवळ्या पडतात, मधली जागा हिरवीच राहते, त्यामुळे पानावर पिवळं जाळं विणल्यासारखं दिसतं. मग अख्खं पान पिवळं, आणि भेंडी धरलीच तर बारकी, पांढुरकी, निबर. पान उलटं करून बघा, जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या पांढऱ्या माश्या भुर्रकन उडतील, व्हायरस त्याच आणतात. एकदा झाडाला रोग लागला की औषध नाही, उपटून टाकायचं. म्हणून लोक माशीवर फवारे मारत राहतात आणि माशी हळूहळू त्या औषधांनाही दाद देईनाशी होते. परभणी क्रांतीसारखी केवड्याला टिकणारी जात आली तेव्हा केवढा आधार वाटला होता, पण पुढे तिच्यावरही केवडा यायला लागला.

मला यात सगळ्यात भारी काय वाटतं तर झाडाकडे व्हायरसशी लढायची स्वतःची यंत्रणा आधीपासून आहे. १९२८ मध्ये अमेरिकेत तंबाखूच्या एका व्हायरसवर काम करताना दिसलं होतं की खालची पानं रोगट पण वर नवीन येणारी पानं चक्क निरोगी! त्याचं कारण कळायला पुढची सत्तरेक वर्षं गेली. १९९८ मध्ये फायर आणि मेलो या शास्त्रज्ञांनी एका बारीक किड्यात दाखवलं की दुपदरी आरएनए (आरएनए म्हणजे जीनमधली माहिती पेशीत वाहून नेणारा, अक्षरांच्या माळेसारखा रेणू) आत गेला की त्याच्याशी जुळणारा जीन गप्प होतो (२००६ चं नोबेल याचंच), आणि १९९९ मध्ये हॅमिल्टन आणि बॉलकूम यांना झाडांत याच कामाचे आरएनएचे छोटे तुकडे सापडले.

होतं असं की व्हायरस पेशीत वाढताना दुपदरी आरएनए तयार होतो, आणि असला लांब दुपदरी आरएनए पेशीला खटकतो. डायसर नावाचं एन्झाइम त्याचे २१ ते २४ अक्षरांचे तुकडे करतं आणि आर्गोनॉट नावाचं प्रोटीन त्यातला एक तुकडा धरून बसतं. गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीच्या चेकनाक्यावर गाडीचा नंबर देऊन ठेवावा तसं, येणारा प्रत्येक आरएनए ताडून बघायचा आणि नंबर जुळला की तिथेच कापायचा. मग झाडं आजारी का पडतात? कारण व्हायरसही नाक्यावरच्यांचे हात बांधणारी प्रोटीनं घेऊन येतो, केवड्याच्या व्हायरसच्या गोतावळ्याकडेही ती आहेत. म्हणून नंबर, म्हणजे व्हायरसशी जुळणारा आरएनए, व्हायरस पोचायच्या आधी देऊन ठेवायचा, सगळी युक्ती एवढीच.

हवाईत १९९२ मध्ये पुना भागातल्या पपईच्या बागांत रिंगस्पॉट व्हायरस शिरला आणि बागा बसायला लागल्या. डेनिस गोन्साल्विस यांच्या टीमने व्हायरसच्याच कवचाचा जीन पपईत घातला आणि १९९८ मध्ये रेनबो ही जात शेतकऱ्यांच्या हाती आली. आधी वाटलं होतं ते प्रोटीन झाडाला वाचवतंय, नंतर कळलं की काम आरएनएचं आहे. मात्र दुसऱ्या देशांतल्या रिंगस्पॉटच्या काही प्रकारांपुढे रेनबो टिकत नाही, नंबर पुरेसा जुळत नाही ना. आपल्यासाठी त्याहून जवळचं उदाहरण ब्राझीलच्या घेवड्याचं, तिथला गोल्डन मोझेक व्हायरस भेंडीच्या केवड्याच्याच कुळातला, पांढऱ्या माशीनेच पसरणारा, आणि एम्ब्रापा या तिथल्या सरकारी शेती संशोधन संस्थेने त्याच्याविरुद्ध मुद्दाम या पद्धतीने बनवलेल्या घेवड्याला २०११ मध्ये मंजुरी मिळाली.

आपल्याकडे व्यावसायिक शेतीत जीएम (प्रयोगशाळेत जीन बदललेलं) पीक म्हणजे फक्त बीटी कापूस, त्यामुळे मला फवारणीचा रस्ता जास्त जवळचा वाटतो. दुपदरी आरएनए थेट पानावर फवारायचा, बियाण्याला हातच लावायचा नाही, म्हणजे सात शिरांची भेंडी जशी आहे तशीच राहील, शेतकरी घरचंच बी ठेवू शकेल. नुसता आरएनए पानावर लवकर विरतो, म्हणून क्वीन्सलँडच्या शास्त्रज्ञांनी तो अतिबारीक मातीच्या पापुद्र्यांवर बसवला आणि २०१७ मध्ये दाखवलं की एका फवाऱ्याने किमान २० दिवस व्हायरसपासून बचाव होतो. पण ते व्हायरस वेगळे होते. केवड्याचा व्हायरस माशी थेट झाडाच्या रसवाहिनीत सोडते, तिथवर वरून फवारलेला आरएनए पुरेसा पोचवणं हे खरं अवघड काम. त्याच तंत्राने माशीचेच जीन गप्प करून माशी मारता येते हे २०२२ मध्ये दिसलं, आणि केवड्यासाठी मला हीच वाट जास्त आशेची वाटते. जुन्या गोव्यात आयसीएआरची (भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची) किनारी शेतीची संस्था आहे, असल्या फवाऱ्याची चाचणी व्हायची तर ती इथल्याच भेंडीवर आणि भर पावसाळ्यात व्हायला हवी, कारण वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो तिथे पानावर काय टिकतं ते दुसरीकडच्या आकड्यांवरून कळणार नाही.