प्रशिक्षकाच्या यादीतला खेळाडू आणि अर्जातला खेळाडू

"खेळात चांगला आहे, हार्वर्ड-येलला त्याचा फायदा होणारच," असं पुण्या-मुंबईतले पालक हल्ली सर्रास म्हणतात. फायदा होतो, पण कोणाला, यातच खरी गोम आहे.

प्रवेशातल्या भेदभावाच्या आरोपावरून हार्वर्डवर झालेल्या खटल्यात 2018 साली प्रवेशाची आकडेवारी उघड झाली. विद्यापीठाच्या संघांचे प्रशिक्षक हव्या त्या खेळाडूंची यादी प्रवेश कार्यालयाला देतात; त्यांनी असे निवडलेल्या खेळाडूंपैकी सुमारे 86 टक्के अर्जदारांना प्रवेश मिळाला होता. खेळ, माजी विद्यार्थ्यांशी नातं किंवा तसा कुठलाही टेकू नसलेल्यांत हेच प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास. राज्यस्तरीय पदकं मिळवूनही प्रशिक्षकाच्या यादीत नसलेला मुलगा या दुसऱ्या गर्दीतच उभा असतो. त्याचा खेळ वादविवाद किंवा तबल्यासारखा अर्जातला एक छंद ठरतो. क्रीडा गुणांची सवय असलेल्या आपल्या मंडळींना हे पटकन पटत नाही. इकडे प्रमाणपत्र जोडलं की गुण वाढतात. तिकडे प्रमाणपत्राला असा भाव नाही. यंदा संघाला कोण हवंय, हा तिथला प्रश्न.

अर्थात 86 टक्के ऐकून हुरळून जाऊ नये. चाळणी आधीच लागलेली असते. अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात, साधारण जुलैपासून, प्रशिक्षक मुलाची गुणपत्रकं आणि एसएटी या प्रवेश परीक्षेचे गुण प्रवेश कार्यालयाकडे पाठवतो. याला प्री-रीड म्हणतात. तिथून नकार आला की प्रशिक्षक बहुतेक वेळा दुसरं नाव शोधतो, आणि तो मुलगा त्या आकड्यात कधी येतच नाही. आयव्ही लीगमध्ये, म्हणजे हार्वर्ड-येलसारख्या आठ विद्यापीठांच्या गटात, गुणांवरून काढलेला अ‍ॅकॅडमिक इंडेक्सही पाहतात, म्हणजे अभ्यासाला सुट्टी नाही. प्री-रीडमध्ये पास झालेल्यांना ऑक्टोबरपासून 'लाइकली लेटर' येऊ शकतं. हे पत्र म्हणजे जवळजवळ प्रवेशच. खेळाची शिष्यवृत्ती मात्र आयव्हीत मुळीच नाही. मिळेल ती मदत घरच्या उत्पन्नावर.

या यादीचं मोल किती, ते 2019 च्या अमेरिकी प्रवेश घोटाळ्यात दिसलं. येलच्या महिला फुटबॉल संघाच्या प्रशिक्षकाने लाच घेऊन फुटबॉल न खेळणाऱ्या मुलीला यादीत घुसवलं होतं.

खेळ कोणता, हेही आधी बघा. क्रिकेट, कबड्डी, खो-खोचे व्हर्सिटी (विद्यापीठाचे अधिकृत) संघच तिथे नाहीत, त्यामुळे रणजीच्या उंबरठ्यावरचा पोरगाही यादीत बसत नाही. स्क्वॉशचं तसं नाही: मुंबईचा वीर चोत्रानी कॉर्नेलकडून खेळला.

फसगत सगळ्यात जास्त होते ती ईमेलवर. प्रशिक्षकाचं गोड पत्र आलं, शिबिराचं आमंत्रण आलं, की घरात पेढे. अशी आमंत्रणं शेकड्यांनी जातात, वर शिबिराची फी आपणच भरायची. म्हणून प्रशिक्षकाला सरळ विचारावं: माझं प्री-रीड करणार का? प्रवेश कार्यालयाला माझं नाव देणार का? अमेरिकेतल्या एमआयटीत तर प्रशिक्षकाच्या हातात राखीव जागाच नसतात; तो फार तर शिफारस करतो. तिथे प्रशिक्षकाचा होकार मिळाला, तरी बाकीचा अर्ज तितकाच जीव ओतून भरावा लागतो.