हळदीचा डाग उन्हात जातो, मग हळदीचा रंग कसा टिकेल?

शर्टावर वरणाचा डाग पडला की साबण लावल्यावर तो लालभडक होतो आणि मग उन्हात टाकला की संध्याकाळपर्यंत गायब, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहितीये. तरीपण मी घरी सूत रंगवायचं ठरवलं तेव्हा पहिला लॉट कशाचा केला, तर हळदीचा! रंग काय सुंदर आला होता, झेंडूसारखा. क्रोशाचं काम करणाऱ्या एका ताईंनी सहा लड्या नेल्या, खिडकीला तोरण केलं आणि महिन्याभरात फोन, "अगं, ते पांढरं पडलं की गं." पैसे परत दिले आणि मग जरा वाचायला बसले.

झालं होतं असं की हळदीतलं कर्क्युमिन सुताला पटकन धरतं, आधी काही लावावं लागत नाही, पण त्याचा रेणू उन्हात तुटतो. रेणू तुटला की रंग संपला. साबणाने लाल होतो तो त्याच रेणूचा दुसरा अवतार, साबण अल्कधर्मी असतो म्हणून. म्हणजे सूत रंगवणं काही अवघड नाही, रंग टिकवणं हा खरा धंदा.

आणि कापूस याबाबतीत फार आळशी. लोकर म्हणजे प्रोटीन, त्याच्यात रंगाला धरायला वेगवेगळ्या जागा असतात. कापूस म्हणजे सेल्युलोज, त्यातून वर मेणाचा पातळ थर, त्यामुळे कोरं सूत पाण्यावर चक्क तरंगतं. म्हणून पहिलं काम धुण्याचा सोडा घालून तासभर उकळणं. पाणी चहासारखं होतं, पहिल्यांदा बघितलं तर वाटतं एवढ्या पांढऱ्या सुतात ही घाण होती कुठे. मग सुताचा छोटा तुकडा पाण्यावर टाकायचा, लगेच बुडाला तर ठीक, तरंगला तर परत उकळा. कंटाळा करून ही पायरी गाळली की लडीवर ठिपके ठिपके येतात आणि दोष रंगाला दिला जातो.

मग हिरडा. किलोभर सुताला मी दीडशे-दोनशे ग्रॅम हिरड्याची पूड घेते आणि रात्रभर भिजत ठेवते. हिरड्यात भरपूर टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारं द्रव्य, असतं आणि टॅनिन कापसाला छान चिकटतं. दुसऱ्या दिवशी तुरटीचं पाणी. तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम टॅनिनला धरतं आणि नंतर मंजिष्ठेच्या (लाल रंग देणारी मुळी) रंगाचा रेणू त्या अ‍ॅल्युमिनियमला दोन बाजूंनी पकडतो, खेकड्याने नांगीत बोट धरावं तसा. सूत, टॅनिन, अ‍ॅल्युमिनियम, रंग अशी साखळी तयार होते आणि मग ती धुण्याने सहज सुटत नाही. मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेला सुती कापडाचा तुकडा सापडला होता, तो मंजिष्ठेच्याच जातीतल्या लाल रंगाने रंगवलेला. चार हजार वर्षांहून जुना! मंजिष्ठेला आच मात्र बेताची लागते, मी ७० अंशांच्या वर जाऊ देत नाही, खळखळून उकळली की लाल जाऊन विटकरी-तपकिरी येतो.

आता पाण्याची गोष्ट. तेव्हा आम्ही भाड्याच्या घरात होतो, एक दिवस नळाला पाणी आलं नाही म्हणून हिरड्यातून काढलेल्या लड्या बोअरच्या पाण्यात विसळल्या आणि माझ्या डोळ्यांदेखत पिवळट सूत करडं व्हायला लागलं, कबुतराच्या पाठीसारखं. बोअरच्या पाण्यात लोह होतं. लोह आणि टॅनिन भेटले की काळसर रंग होतो, जुनी शाई याच जोडीवर बनायची आणि कलमकारीतल्या काळ्या रेघांसाठी गंजकं लोखंड गुळाच्या पाण्यात मुरवतात तेही याचसाठी. मी रडकुंडीला आले होते, पण तो करडा लॉट सगळ्यात आधी विकला गेला.

निळीचं प्रकरणच वेगळं (कपड्यांना घालतो ती पांढऱ्याची नीळ नव्हे, झाडाची). हिला हिरडा नको, तुरटी नको, पण ती पाण्यात विरघळतच नाही. म्हणून तिच्यातला ऑक्सिजनशी असलेला संबंध तात्पुरता मोडावा लागतो. एक भाग नीळ, दोन भाग चुना, तीन भाग फळातली साखर म्हणजे फ्रुक्टोज, असं साधं माप आहे. साधी साखर घालून बघितली तर काही होत नाही, कारण तिच्यात ती ताकद नसते, खजूर उकळून घातला तर होतं. माठ, म्हणजे हे निळीचं पाणी, तयार झाला की वर तांब्यासारखी साय येते आणि खालचं पाणी पिवळट-हिरवं दिसतं. लडी त्यात बुडवून वर काढली की आधी पोपटी, मग हवा लागली की मिनिटाभरात हिरवी आणि हळूहळू निळी. कितीही वेळा केलं तरी मी दरवेळी उभी राहून बघते. पण ही नीळ धाग्यात नुसती अडकून बसते, नांगी वगैरे काही नाही, म्हणून घासली की निघते, नवीन जीन्स घासून बघा. एकदाच गडद माठात तास-दोन तास ठेवण्यापेक्षा हलक्या माठात सहा-सात वेळा बुडवलेलं बरं. आणि कारखान्यातली नीळ, जी १८९७ पासून बाजारात आली, तिचा रेणू झाडातल्या निळीसारखाच असतो, त्यामुळे "केमिकलवाली नीळ" असं नाक मुरडणाऱ्यांशी मी वाद घालत नाही पण हसते.

आता सूतकताई, जी माझी आवडती आणि धंद्याच्या हिशोबात सगळ्यात वाईट. कापसाचा एक तंतू जेमतेम पावणेतीन-तीन सेंटीमीटरचा. मेडिकलमधल्या कापसाचा पुंजका घेऊन ओढा, सहज तुटतो, मग तोच पीळ देऊन ओढा. पीळ दिल्यावर ओढाल तितके तंतू एकमेकांवर जास्त दाबले जातात, घर्षण वाढतं आणि त्यांना निसटता येत नाही, बाकी काही जादू नाही. जास्त पीळ दिला तर दोरा सैल सोडताच स्वतःभोवती वेटोळी घालतो, म्हणून दोन दोरे एकत्र करून उलट्या दिशेने पीळ देतात, मग दोघांचा ताण मिटतो आणि सूत शांत लोंबतं.

पेटी चरख्यावर माझा स्पीड तासाला अडीचशे मीटर. १० नंबरचं सूत म्हणजे १०० ग्रॅमला जवळजवळ १७०० मीटर, म्हणजे नुसतं कातायलाच सात तास, दुपदरी करायला आणखी दीड-दोन, रंगवणं वेगळं. ताशी शंभर रुपये धरले तरी लडी हजाराच्या वर जाते आणि लोक विचारतात, "एवढं महाग? सूतच आहे ना?" म्हणून आता मिलचं सूत रंगवून विकते आणि हातकताईच्या लड्या महिन्याला तीन-चारच ठेवते.

मागच्या महिन्यात एका बाईंनी तो कबुतरी करडा परत मागितला, दहा लड्या. आम्ही आता दुसऱ्या घरात राहतो, इथे पाणी नगरपालिकेचं. हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, घालून बघितलं, पाव चमचा, मग अर्धा, मग पाव चमच्याचाही निम्मा. करडा येतो, पण तो नाही येत. शेवटी जुन्या घरमालकांना फोन केला आणि दोन कॅन बोअरचं पाणी आणायला स्कूटरवर निघाले.