स्थानिक पाहुणा (सामुदायिक रेडिओ)

छोट्या गावातील सामुदायिक रेडिओ केंद्रावर त्याच परिसरातील माणसाला बोलावून, किंवा त्याच्या घरी, शेतात, दुकानात जाऊन त्याचे बोलणे-गाणे प्रसारित करण्याची पद्धत. हा पाहुणा बहुधा नामवंत नसतो. आशाताई (गावातली आरोग्य कार्यकर्ती), पोस्टमन, पाणाडी, मेंढपाळ, बचत गटाची अध्यक्ष, तालमीतला वस्ताद, दुसऱ्या खेपेला दहावी पास झालेली मुलगी यांतले कोणीही चालते. आकाशवाणीवरील किंवा खासगी एफएमवरील मुलाखतीपेक्षा ही मुलाखत वेगळी ठरते ती मुळात तांत्रिक कारणाने. भारतात सामुदायिक केंद्राला साधारणपणे १०० वॅटपर्यंतची प्रक्षेपणशक्ती आणि जास्तीत जास्त ३० मीटर उंचीचा अँटेना मिळतो. त्यामुळे आवाज पोहोचतो तो दहा-पंधरा किलोमीटर, मध्ये डोंगर आला तर त्याहूनही कमी. एवढ्या टापूत पाहुण्याला ओळखणारे लोक असणारच. तो काय सांगणार याच्या आधी तो कोणाचा कोण, हे श्रोत्याला ठाऊक असते. आणि त्याने थाप मारली तर दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर कोणीतरी त्याला हटकतेच. निवेदकाचे बरेचसे कसब या जवळिकीशी जुळवून घेण्यात खर्च होते.

पार्श्वभूमी

या साऱ्याला निमित्त झाले क्रिकेटचे. सामने दाखवण्याच्या हक्कावरून केंद्र सरकार आणि बंगाल क्रिकेट संघटना यांच्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या वादात १९९५ साली न्या. पी. बी. सावंत आणि त्यांच्या सहकारी न्यायमूर्तींनी हवेतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. प्रत्यक्ष परवाने मिळायला त्यानंतरही काही वर्षे गेली. आधी शिक्षणसंस्थांना मुभा मिळाली आणि २००४ मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रे यांनाही दार उघडले. २००८ मध्ये आंध्र प्रदेशात (आता तेलंगण) दलित शेतकरी स्त्रियांनी चालवलेला ‘संघम रेडिओ’ आला. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग वाहिनी’ सुरू झाली. महाराष्ट्रात बारामतीची ‘वसुंधरा वाहिनी’, पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’, नाशिकचा ‘रेडिओ विश्वास’ हीही याच कुळातली, पण विद्यापीठाच्या आवारातले केंद्र आणि दुष्काळी तालुक्यातले केंद्र यांचे पाहुणे साहजिकच निराळे असतात.

शेजारी देश याबाबतीत आपल्या पुढे होते. श्रीलंकेत १९८१ पासून महावेली सिंचन प्रकल्पातील नव्या वसाहतींमध्ये रेडिओचे लोक मुक्काम ठोकून गावकऱ्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करीत, आणि नेपाळमध्ये १९९७ पासून ‘रेडिओ सगरमाथा’ बोलू लागला होता.

भारतीय नियमांनुसार निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक पातळीवर आणि स्थानिकांच्या सहभागाने तयार व्हावे लागतात, तेही शक्यतो त्या भागातल्या बोलीत. म्हणजे स्थानिक पाहुणा ही केंद्राची हौस नसून परवान्याची अटच आहे म्हणायला हरकत नाही. अट कागदावर पुरी करणे अर्थात सोपे असते. गावातले तेच चार शिक्षक आणि तेच दोन डॉक्टर आलटून पालटून बोलावले की टक्केवारी भरते. असे केंद्र ऐकणाऱ्याला आठवड्याभरात ओळखू येते.

म्हसवडचे उदाहरण

माण तालुका पर्जन्यछायेतला. ज्वारी-बाजरी, मेंढरे, खिल्लार जनावरे, अलीकडे डाळिंब, आणि घरटी एखादा तरी माणूस पोटासाठी बाहेर, असा हा मुलूख. म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशनने आधी, १९९७ मध्ये, महिलांची सहकारी बँक काढली आणि रेडिओ नंतर. त्यामुळे केंद्राला पाहुणे शोधत हिंडावे लागले नाही. कर्जाच्या हप्त्याला, प्रशिक्षणाला येणाऱ्या बायकांकडे सांगण्यासारखे पुष्कळ होते, फक्त त्यांना कोणी विचारले नव्हते.

२०१२-१३ च्या दुष्काळात संस्थेने म्हसवडला चारा छावणी चालवली. हजारो जनावरे आणि त्यांच्यामागे आलेली माणसे कित्येक महिने तिथे राहिली. तिथे आलेल्यांत केराबाई सरगर होत्या. लिहिता-वाचता न येणाऱ्या या बाईंनी रेडिओवर गाण्याची तयारी दाखवली. हाती संहिता नाही, ती वाचता येत नाही, मग कार्यक्रम कसा करणार, ही केंद्रावरची शंका त्यांनी गाऊनच निकालात काढली. पुढे त्या याच केंद्राच्या लोकप्रिय निवेदिका झाल्या. संस्थेच्या संस्थापिका चेतना गाला सिन्हा यांनी २०१८ मधल्या टेड व्याख्यानात त्यांची हकीकत सांगितल्यावर ती दूरवर पोहोचली. सामुदायिक रेडिओच्या दृष्टीने त्यातली महत्त्वाची गोष्ट अशी की, पाहुणी म्हणून माइकपुढे बसलेली बाई माइकच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसली. इतरत्रही चांगल्या केंद्रांचे निवेदक बरेचदा असेच घडलेले दिसतात. मध्य प्रदेशात ओरछ्याच्या ‘रेडिओ बुंदेलखंड’ने ‘बुंदेली आयडॉल’ ही गाण्याची स्पर्धा घेऊन गावोगावचे गळे शोधले. तमिळनाडूत पांबनच्या ‘कडल ओसई’वर समुद्राची खबरबात कोळ्यांचीच माणसे देतात.

मुलाखतीची रीत

पाहुण्याचे पहिले वाक्य ठरलेले असते : ‘मला काय येतंय? मी काय सांगणार?’ त्याच्या उलट दुसरी जात, माइक दिसताच सभेत उभे राहिल्यासारखी ‘सन्माननीय व्यासपीठ’पासून सुरुवात करणारी. ग्रामपंचायत, पतसंस्था, सोसायटी यांत वावरलेल्या पुरुषांना ही सवय फार. त्यांना मध्येच अडवले तर ते बावचळतात. जाणता निवेदक ते भाषण दोन-तीन मिनिटे होऊ देतो, मग ‘तात्या, ते झालं, आता त्या वर्षी विहिरीला पाणी कसं लागलं ते सांगा’ म्हणतो. प्रसारणात भाषण कापलेले असते.

आवाजाची पातळी जुळवताना ‘एक-दोन-तीन म्हणा’ असे सांगितले की माणूस आखडतो. त्यापेक्षा ‘सकाळपासून काय काय केलंत?’ हा प्रश्न बरा. धार काढली, भाकऱ्या थापल्या, शेळ्या सोडल्या, असे सांगता सांगता गळा मोकळा होतो. कधी कधी याच उत्तरातून कार्यक्रम निघतो, म्हणून यंत्र तेव्हापासून चालू ठेवतात. तशी कल्पना पाहुण्याला आधी दिलेली बरी.

बायकांच्या रेकॉर्डिंगमध्ये काचेच्या बांगड्या हा मोठा अडथळा असतो. बोलताना हात हलतो, बांगड्या किणकिणतात आणि कॉलरला लावलेला माइक शब्दांपेक्षा त्याच जास्त टिपतो. वर पदराची सळसळ. ‘बांगड्या काढून ठेवा’ असे सवाष्ण बाईला म्हणायचे नसते. ती काढेलही, पण मन खट्टू होईल, आणि तिची सासू घरी हा कार्यक्रम ऐकणार असते. मग मनगटावर रुमाल गुंडाळायचा, नाही तर मांडीवर उशी देऊन हात तिच्यावर टेकवायला सांगायचे, आणि माइक निवेदिकेने स्वतःच्या हातात धरायचा. जात्यावरची ओवी रेकॉर्ड करताना मात्र बांगड्या आणि जात्याची घरघर दोन्ही राहू देतात.

उखाणा हा संकोच मोडण्याचा हुकमी उपाय आहे. पण प्रत्येक बाईला उखाणाच घ्यायला लावणाऱ्या निवेदकाला दुसरे काही सुचत नाही, असे खुशाल समजावे. शिवाय समोरची बाई विधवा किंवा टाकलेली असेल तर अवघडलेली शांतता थेट हवेवर जाते. पाहुण्याच्या घरची माहिती आधी काढून ठेवायची ती यासाठी. हाक मारण्याचेही तसेच. ‘श्रीमती अमुक’ असे घोषणेपुरते ठीक. पुढे आज्जी, मावशी, वहिनी, नाना, अण्णा, जे नाते गावात चालते तेच. निवेदिका गावची सून असेल तर सासऱ्याच्या वयाच्या माणसाला प्रश्न विचारताना तिचा आवाज खाली येतो. अशा वेळी पहिल्या काही मुलाखती गावच्या लेकीकडे देणारी केंद्रे व्यवहार जाणतात.

बोली सुधारू नये, हा नियम सगळे सांगतात आणि निम्मे मोडतात. ‘म्या गेलो व्हतो’ म्हणणाऱ्याला निवेदक ‘म्हणजे आपण गेला होतात’ असे उलटे ऐकवतो, आणि पाहुणा पुढच्या वाक्यापासून पुस्तकी होतो. बोलण्यातल्या थांब्यांचेही तेच. विचार करून बोलणाऱ्या म्हाताऱ्याचे थांबे एडिटिंगमध्ये कापून टाकले की तो माणूसच निघून जातो, उरतो फक्त मजकूर.

तज्ज्ञ पाहुण्यांची अडचण वेगळीच असते. कृषी सहायक पुस्तिकेतले वाचून दाखवू लागतो, डॉक्टर शब्दांत अडकतात. म्हणून श्रोत्यांचे प्रश्न आधी गोळा करून, विचारणाऱ्याच्याच आवाजात रेकॉर्ड करून त्यांना ऐकवतात. ‘डाळिंबावर तेल्या पडलाय, दोन फवारण्या झाल्या, आता बाग काढू का ठेवू?’ असे खऱ्या शेतकऱ्याने विचारले की पुस्तिका बाजूला राहते. पाळीबद्दलचे, गर्भाशयाच्या तक्रारींचे प्रश्न चिठ्ठीवर, नावाशिवाय घेतात. बाई निवेदिका आणि बाई डॉक्टर असल्या तरच ते येतात.

थेट प्रसारण की रेकॉर्डिंग, यात नव्या पाहुण्यापुरते तरी रेकॉर्डिंगच शहाणपणाचे. फोन घेतलाच तर कार्यक्रम पीक-पाण्याचा असूनही तिसरा फोन बांधाच्या भांडणाचा येऊ शकतो. २०२० च्या टाळेबंदीत स्टुडिओत कोणाला बोलावता येईना, तेव्हा फोनवरचे रेकॉर्डिंग आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले आवाजी निरोप वापरात आले. त्यांचा दर्जा सुमारच असतो. पण घर सोडता न येणाऱ्या बायका, ऊसतोडीला गेलेली माणसे यांचे आवाज त्यामुळे येऊ लागले, म्हणून नंतरही ही सोय कोणी टाकून दिली नाही.

बंधने आणि पेच

सामुदायिक केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा प्रसारित करण्यापुरती परवानगी नंतर मिळाली. राजकीय कार्यक्रमही वर्ज्य. कागदावर सोपे वाटणारे हे बंधन गावात फार अवघड जाते, कारण पाण्याच्या टाकीबद्दल सरपंचाला विचारणे ही माहिती की राजकारण, हे कोण ठरवणार? व्यवहारात सरपंच पदापुरता बोलतो, योजना, तारखा, अर्ज कुठे द्यायचा एवढेच. आणि निवडणुकीचे वारे सुटले की इच्छुकांना भजनी मंडळाच्या कार्यक्रमातही न घेण्याची खबरदारी घ्यावी लागते.

दुकानदार पाहुणा म्हणून आला की मुलाखतीची जाहिरात होते. जाहिरातींना २००६ च्या धोरणात तासाला पाच मिनिटे होती, २०२४ मध्ये ती बारा झाली. सायकल दुरुस्तीच्या पन्नास वर्षांच्या आठवणी आणि दुकानातल्या नव्या मालाची यादी यांतला फरक निवेदकाला कळतो. पैशाची तंगी असलेल्या केंद्राच्या व्यवस्थापकाला मात्र तो कळूनही कळत नाही. पाहुण्याला मानधन सहसा नसते, चहा आणि फार तर एसटीचे भाडे. रोजंदारीवरच्या बाईचा अर्धा दिवस बुडवून तिला ‘सहभाग’ म्हणणे बरे नव्हे. तिच्यासाठी संध्याकाळी तिच्या दारात जाणेच योग्य.

सर्वांत नाजूक प्रश्न ओळखीचा. शहरी माध्यमात नाव बदलले की माणूस झाकला जातो, इथे दोन वाक्यांत आवाज ओळखतात. दारू सोडलेला गडी खुशीने बोलायला तयार असतो, पण त्याच्या गोष्टीत मार खाल्लेली बायको असते आणि तिला कोणी विचारलेले नसते. म्हणून अशा कार्यक्रमात होकार दोघांचा लागतो. एचआयव्ही, घरगुती हिंसा, आंतरजातीय लग्न यांवरचे अनुभव दुसऱ्या आवाजात, गाव आणि तपशील बदलून सांगतात, किंवा समुपदेशक आपल्या शब्दांत मांडतात.

जात आणि भावकी यांचेही गणित असते. एका वाडीचे भजन लागले की दुसऱ्या वाडीचा निरोप येतो. वस्तीनिहाय पाळी लावणे कंटाळवाणे असले तरी तोच उपाय चालतो. पाळी न लावणाऱ्या केंद्रावर कोणत्या वस्तीचा आवाज कधीच येत नाही, हे तपासायला वर्षभराची पाहुण्यांची वही पुरते.

ध्वनिमुद्रणांची जपणूक

प्रसारित झालेले कार्यक्रम तीन महिने जपून ठेवणे बंधनकारक आहे. पुढे काय करायचे हे केंद्रावर सोपवलेले असते, आणि हार्ड डिस्क भरली की जुन्या मुलाखती पुसल्या जातात. महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखावर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. ते धन टिकले, कारण ओवीबरोबर गाणारणीचे नाव आणि गाव नोंदलेले होते. रेडिओ केंद्रांकडे गाणी, शेतीच्या जुन्या रिती, दुष्काळाच्या आठवणी तोंडी स्वरूपात सतत येत असतात, पण फाइलीला नाव असते ‘मुलाखत नवीन दोन’ असले काहीतरी. पाहुण्याचे नाव, गाव, तारीख, विषय आणि त्याची परवानगी एवढ्या पाच गोष्टी रेकॉर्डिंगच्याच दिवशी वहीत उतरवल्या, तर पुढे निदान शोधता येते.