बारा गाड्या, शंभर ॲम्पिअर आणि भिंतीवरचा एक छोटा संगणक

सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत विजेच्या गाड्यांचा विषय निघाला की एक गणित हमखास मांडलं जातं. एक चार्जर सात किलोवॅटचा, बारा साते चौऱ्याऐंशी, आपला मंजूर भार तेवढा नाही. तेव्हा पहिल्या चार जणांनी चार्जर बसवावेत आणि बाकीच्यांनी महावितरणकडून भार वाढून मिळेपर्यंत थांबावं. यातला गुणाकार बरोबर आहे, निष्कर्ष साफ चुकीचा आहे.

दिवसाला ६० किलोमीटर धावणारी गाडी, युनिटमागे ६ किलोमीटर धरले तर, रोज १० युनिट घेते. बारा गाड्यांची १२० युनिट झाली. रात्री १० ते सकाळी ६ या आठ तासांत ती द्यायची तर सरासरी १५ किलोवॅट पुरतात. कुठे ८४ आणि कुठे १५! अडचण एवढीच की संध्याकाळी साडेसात-आठला सगळे एकदम घरी येतात, एकदम प्लग लावतात आणि नेमका तेव्हाच पाण्याचा पंप चालू असतो. म्हणजे प्रश्न वीज कमी पडण्याचा नाही, रांग लावण्याचा आहे. ही रांग लावायला पार्किंगमधल्या पॅनेलमध्ये पट्टीवर बसणारा, पंखा नसलेला, जाडजूड पुस्तकाएवढा औद्योगिक संगणक पुरतो.

एक उदाहरण घेऊ. सोसायटीच्या सामायिक मीटरपुढे तीन फेजचा १०० ॲम्पिअरचा एमसीसीबी, म्हणजे धारा फार वाढली की आपोआप पडणारा मुख्य स्विच आहे. त्यावर लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे आणि बारा चार्जर आहेत. प्रत्येक चार्जर सिंगल फेज, ३२ ॲम्पिअरचा, म्हणजे एका फेजवर चार. सगळे पूर्ण जोरात चालले तर फेजमागे १२८ ॲम्पिअर होतात, इमारतीचे रात्रीचे १८ मिळवले की १४६. तरीही एमसीसीबी लगेच पडत नाही. त्याच्या आतली द्विधातूची पट्टी तापून वाकायला वेळ लागतो. मानकानुसार क्षमतेच्या १.०५ पट धारेला तो दोन तास पडता कामा नये आणि १.३ पट धारेला दोन तासांच्या आत पडलाच पाहिजे. म्हणून सात-आठला लावलेल्या गाड्या रात्री नऊच्या सुमाराला लिफ्टसकट अंधार करतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वायरमन येऊन बघतो तेव्हा सगळं ठाकठीक असतं. पट्टीचा हा संथपणा संगणकाच्या मात्र पथ्यावर पडतो. त्याला विजेच्या वेगाने निर्णय घ्यावा लागत नाही, सेकंदाला एक निर्णय भरपूर झाला.

पण गाडीला ‘कमी घे’ असं सांगायचं कसं? ही युक्ती इतकी देखणी आहे की तिच्यावर थोडं रेंगाळायलाच हवं.

टाइप-२ प्लगमध्ये सात पिना असतात. तीन फेज, एक न्यूट्रल, एक अर्थ आणि दोन बारीक. बारीक पिनांपैकी एक केबलची ताकद सांगते: तिच्यात २२० ओहमचा रोध असेल तर केबल ३२ ॲम्पिअरची. दुसरी पिन म्हणजे पायलट. चार्जर तिच्यावर १ किलोओहमच्या रोधातून १२ व्होल्ट देतो. गाडी नसेल तर १२ च दिसतात. प्लग लावला की गाडीतला डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) आणि २.७४ किलोओहमचा रोध मंडलात येतो आणि व्होल्टेज ९ वर उतरतं. गाडी घ्यायला तयार झाली की ती स्वतः १.३ किलोओहमचा दुसरा रोध समांतर जोडते, दोन्ही मिळून ८८२ ओहम होतात आणि व्होल्टेज ६ वर येतं. हे ६ व्होल्ट दिसल्यावरच चार्जरमधला काँटॅक्टर (विजेवर चालणारा स्विच) ‘खट्’ करून ओढला जातो आणि जाड पिनांत वीज येते. तोवर त्या पिना मेलेल्या असतात. पावसात प्लग हातात घेतला की शॉक बसतो ही भीती बऱ्याच घरांत आहे. चार्जर आणि अर्थिंग धड असेल तर तिला आधार नाही.

आता पुढची गंमत. प्लग लागला की चार्जर त्याच तारेवर सेकंदाला १००० वेळा वरखाली होणारी चौकोनी लहर सोडतो, +१२ ते −१२ व्होल्ट. गाडीतल्या डायोडमुळे खालची बाजू तशीच −१२ राहते, फक्त वरची ९ किंवा ६ वर येते. खालची बाजूही घसरली तर समोर गाडी नाही, ओलावा किंवा भलतंच काही आहे, हे चार्जर ओळखतो. लहर वर किती वेळ राहते त्यावरून गाडीला परवानगी कळते: एक टक्क्याला ०.६ ॲम्पिअर. एक आवर्तन १००० मायक्रोसेकंदांचं, म्हणजे एका ॲम्पिअरला सुमारे १६.७ मायक्रोसेकंद. लहर १०० मायक्रोसेकंद वर राहिली तर ६ ॲम्पिअर, ३०० राहिली तर १८, ५३३ राहिली तर ३२. रुंदी बदलली की गाडीने ५ सेकंदांच्या आत आपली धारा तेवढ्यावर आणायची. चार्जर गाडीत वीज ढकलत नाही, गाडीतला ऑनबोर्ड चार्जर ती ओढतो आणि पायलट त्याला मर्यादा सांगतो. त्यामुळेच ७.२ किलोवॅटचा ऑनबोर्ड चार्जर असलेली गाडी २२ किलोवॅटच्या खांबाला लावली तरी ७.२ च घेते.

या भाषेत ६ ॲम्पिअरच्या खाली शब्दच नाही. १० टक्क्यांपेक्षा अरुंद लहर ६ पेक्षा कमी धारा सांगू शकत नाही. ५ टक्क्यांचा वेगळा अर्थ आहे, ‘आता डिजिटल बोलू’, आणि तो डीसी जलद चार्जिंगला लागतो. म्हणजे एका फेजवर चार गाड्या असतील तर किमान २४ ॲम्पिअर हवेतच, नाहीतर एकीला थांबवावं लागेल. साध्या १५ ॲम्पिअरच्या सॉकेटवरून चार्ज होणाऱ्या गाडीपर्यंत तर संगणकाची परवानगी पोचतच नाही. तिच्या केबलवरच्या डबीचा पायलट स्वतंत्र असतो, त्यामुळे संगणक तिला फक्त चालू किंवा बंद करू शकतो.

बाकी हिशेब शाळेतला आहे. प्रत्येक फेजच्या १०० पैकी १० राखून ९० धरायचे. मुख्य मीटर एकूण धारा सांगतो, चार्जर आपापली सांगतात, वजाबाकी केली की इमारतीचा भार निघतो. तो १८ असेल तर उरले ७२, फेजवरच्या चार गाड्यांना प्रत्येकी १८. तिन्ही फेज मिळून हे जवळजवळ ५० किलोवॅट होतात आणि १२० युनिट अडीच तासांच्या आत देऊन होतात. पंप आणि लिफ्ट मिळून भार ५० वर गेला तर उरले ४०, प्रत्येकी १०. भार ७० झाला तर उरले २०, त्यात तिघींना ६ आणि चौथी थांबली. माहितीपत्रकांत याला हल्ली ‘एआय आधारित स्मार्ट चार्जिंग’ म्हणतात. इथे वजाबाकी आणि भागाकार आहे, आणि तेच योग्य आहे, कारण सोसायटीचा सचिव ते कागदावर पडताळून पाहू शकतो. ज्याचं उत्तर हाताने तपासता येत नाही असं काही मुख्य स्विचच्या पुढे बसवू नये.

कसब आहे ते वेळेत. कमी करायचं ते ताबडतोब, वाढवायचं ते सावकाश, निदान ३० ते ६० सेकंद थांबून. घाईने वाढवलं तर काय होतं? संगणक १८ देतो, गाडी हळूहळू चढत असते, मीटरवर अजून जागा दिसते, संगणक आणखी देतो, मग सगळ्या गाड्या एकदम वर येतात, तो घाबरून सगळ्यांची कापतो आणि पुन्हा तेच. झोपाळ्यासारखी धारा हेलकावत राहते. एका गाडीचा वाटा दुसरीला देतानाही क्रम पाळावा लागतो: आधी पहिलीची मर्यादा उतरवायची, ती खरंच उतरली हे मीटरवर पाहायचं, मग दुसरीची चढवायची. थांबवण्याची पाळी आलीच तर पाळी १५ मिनिटांनी बदलावी. दर मिनिटाला बदलली तर काँटॅक्टर झिजतो, आणि काही गाड्या थांबवल्यावर झोपी जातात, नुसतं पुन्हा परवानगी दिल्याने उठत नाहीत. अशा गाडीला उठवायला काही सेकंद पायलट तोडून प्लग काढल्याचं सोंग करावं लागतं आणि ही सोय प्रत्येक चार्जरमध्ये नसते.

फेजचा घोळ वेगळाच. तीन फेजचा चार्जर लावला आणि गाडी सिंगल फेज घेणारी असली तर ती फक्त पहिल्या पिनेवरून ओढते. वायरमनने सगळे चार्जर एकाच क्रमाने जोडले असतील तर साऱ्या गाड्या आर, वाय, बी या तीन फेजपैकी एकट्या आरवर येतात, वाय आणि बी रिकामे राहतात. एकूण किलोवॅट मोजणाऱ्या संगणकाला सगळं आलबेल दिसतं आणि एमसीसीबी पडतो. म्हणून पहिला चार्जर आर-वाय-बी, दुसरा वाय-बी-आर, तिसरा बी-आर-वाय असा जोडायचा, तो क्रम संगणकात भरायचा आणि मर्यादा प्रत्येक फेजच्या ॲम्पिअरमध्येच ठेवायची.

मीटर वाचायला आरएस-४८५ ची पिळलेली दोन तारांची जोडी आणि तिच्यावरून बोलायची मॉडबस ही भाषा. तार एका मीटरवरून दुसऱ्यावर सरळ जावी, मधे फाटे नकोत, दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध. सेकंदाला ९६०० बिटच्या वेगाला एक अक्षर सुमारे एक मिलिसेकंद घेतं, त्यामुळे एक मीटर वाचायला पन्नासेक मिलिसेकंद धरावेत. सर्वांत महागडी चूक सीटीची, म्हणजे जाड तारेतली धारा मीटरसाठी लहान करून देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची असते. पॅनेलमध्ये १००/५ चा सीटी आणि मीटरमध्ये ५०/५ भरलेलं असेल तर ८० ॲम्पिअर ४० दिसतात आणि संगणक नसलेली जागा वाटत सुटतो. तारेभोवती चिमट्यासारखा बसणारा क्लॅम्प मीटर लावून तिन्ही फेज ताडून पाहावेत. धारा चालू असताना सीटीच्या दुय्यम तारा मात्र कधीही उघड्या सोडू नयेत, तिथे जीवघेणं व्होल्टेज तयार होतं. दुसरा छुपा दोष म्हणजे गोठलेलं वाचन. तार निसटली आणि प्रोग्राम शेवटचाच आकडा धरून बसला तर पडद्यावर सगळं शांत दिसतं. वाचन ५ सेकंदांपेक्षा शिळं झालं की सगळ्यांना ६ वर आणायचं, हा नियम प्रोग्राममध्ये हवाच.

आणि संगणकच बंद पडला तर? चार्जरशी बोलण्याची भाषा बहुधा ओसीपीपी, १.६ किंवा २.०.१. तिच्यात धारेच्या मर्यादा थरांमध्ये देता येतात आणि वैध असलेला सर्वांत वरचा थर चालतो. तळाच्या थरात कायमचे ६ ॲम्पिअर ठेवायचे. वरच्या थरात संगणकाचा ताजा आकडा, पण फक्त १२० सेकंदांच्या मुदतीचा, आणि तो बदल झाला की किंवा मिनिटातून एकदा नव्याने पाठवायचा. संगणक गप्प झाला की मुदत संपते, वरचा थर विरतो आणि चार्जर आपोआप ६ वर उतरतो. त्या दोन मिनिटांत इमारतीचा भार १८ वरून ५० वर गेला तरी एकूण ७२ आणि ५०, म्हणजे १२२ होतात, आणि १०० चा एमसीसीबी तेवढे सहज सोसतो. दर सेकंदाला नवा आकडा पाठवू नये, कारण बरेच चार्जर प्रत्येक आकडा आपल्या फ्लॅशमध्ये (कायमच्या मेमरीत) लिहितात आणि फ्लॅश लिहून लिहून झिजते.

मुदत आली की घड्याळ आलं. संगणकातलं बटणाएवढं सेल संपलेलं असेल तर तो वीज गेल्यावर कुठल्या तरी जुन्या सालात जागा होतो. त्याने पाठवलेली मुदत चार्जरच्या घड्याळानुसार केव्हाच संपलेली असते. धोका काहीच होत नाही, पण सकाळी बाराही गाड्या अर्धवट चार्ज झालेल्या सापडतात आणि दोष चार्जरच्या माथी मारला जातो. सेल दर तीन-चार वर्षांनी बदलावं.

हे काम घरच्या पीसीवर का नको? पार्किंगमधली धूळ पंख्यातून आत जाते, बंद पेटीत मे महिन्याचा उष्मा साठतो आणि तापमान १० अंशांनी वाढलं की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. औद्योगिक संगणक २४ व्होल्ट डीसीवर चालतो, व्होल्टेज ९ ते ३६ पर्यंत हललं तरी तग धरतो, आणि त्याचे आरएस-४८५ चे पोर्ट विद्युतदृष्ट्या अलग ठेवलेले मिळतात. साध्या मेमरी कार्डावर सेकंदाला एक नोंद म्हणजे दिवसाला ८६,४०० नोंदी, त्यात वीज गेली की फाइली बिघडतात. नोंदी रॅममध्ये जमवून १० मिनिटांनी लिहाव्यात आणि मूळ प्रणाली फक्त वाचण्यापुरती उघडी ठेवावी. त्यात वॉचडॉग नावाचा टायमर असतो. प्रोग्रामने ठरावीक वेळात त्याला खूण केली नाही तर तो संगणक नव्याने सुरू करतो. ही खूण धारेचा हिशेब करणाऱ्या प्रोग्रामनेच केली पाहिजे. वेगळी छोटी स्क्रिप्ट खूण करत बसली तर मुख्य प्रोग्राम अडकला तरी वॉचडॉगला पत्ता लागत नाही.

तळघरात मोबाइलची रेंज अनेकदा नसते, म्हणून पैसे, ॲप आणि अहवाल खुशाल दूरच्या सर्व्हरवर असू द्या, धारेची वाटणी मात्र इथेच, याच पेटीत झाली पाहिजे. मॉडबसला पासवर्ड नसतो, तेव्हा त्याचं ५०२ क्रमांकाचं पोर्ट इंटरनेटकडे उघडं ठेवू नये.

काम ताब्यात घेताना ठेकेदाराकडून तीन गोष्टी समोर करून घ्याव्यात. निदान चार गाड्या एकाच फेजवर लावून पंप सुरू करायचा आणि ५ ते १० सेकंदांत त्यांची धारा उतरते का ते क्लॅम्प मीटरवर पाहायचं. मग मुख्य मीटरची आरएस-४८५ तार काढायची, दहा-पंधरा सेकंदांत सगळ्या गाड्या ६ वर यायला हव्यात. ती तार परत जोडून, धारा चढू देऊन, शेवटी संगणकाचे २४ व्होल्ट काढायचे, हातात घड्याळ धरून दोन मिनिटं थांबायचं आणि प्रत्येक चार्जरच्या पडद्यावर ६ दिसल्याशिवाय सही करायची नाही.