कॅम्बर टायर खात नाही, टो खातो

स्पोर्ट्स कार ट्रॅकवर न्यायची म्हणून अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, बदलायला गेलं की सगळ्यांची भीती एकच, कॅम्बर जास्त दिला तर टायर आतल्या कडेने झिजणार. भीती अगदी खोटी नाहीये, पण दोष चुकीच्या आकड्याला लागतो. आणि कोकणातल्या गाडीवाल्याने हे नीट समजून घ्यायला हवं कारण आपल्या जवळ मोठा ट्रॅक नाही, कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेला जायचं तर रत्नागिरीहून जाऊन येऊन दोन हजार किलोमीटरच्या वर होतात, म्हणजे ट्रॅकवर फिरणार थोडंसं आणि टायर झिजणार वाटेतच.

गाडीसमोर उभं राहून बघितलं की चाक वरच्या बाजूने आत झुकलेलं दिसतं ना, तो निगेटिव्ह कॅम्बर. वळणात बॉडी बाहेरच्या बाजूला कलते, तिच्याबरोबर बाहेरचं चाकही कलतं, सगळा भार त्याच चाकावर आणि ते उभं राहतं टायरच्या बाहेरच्या कडेवर, मग ग्रिप येणार कुठून? आधीच आत झुकवून ठेवलं तर ऐन वळणात ते सपाट बसतं. रस्त्यावरच्या गाडीला साधारण उणे अर्धा ते दीड अंश, ट्रॅकला उणे दोन ते साडेतीन. सस्पेन्शन कुठलं आहे त्यावरही बरंच ठरतं, साध्या स्ट्रटमध्ये (खाली एक आर्म, वर शॉकचा खांब) वळणात कॅम्बर टिकत नाही, डबल विशबोनमध्ये (वर आणि खाली असे दोन आर्म) बराच टिकतो, २०२१ च्या ९११ जीटी३ ला पोर्शेने पुढचे स्ट्रट काढून डबल विशबोन दिलं त्यामागे हे एक मोठं कारण.

आता टो. वरून बघितलं तर दोन्ही चाकांची पुढची तोंडं आत वळलेली असतील तर टो-इन, बाहेर असतील तर टो-आऊट. एका चाकाचा टो फक्त ०.१ अंशाने चुकला, म्हणजे टायरच्या पुढच्या आणि मागच्या कडेत जेमतेम एक मिलिमीटरचा फरक, तर ते चाक दर किलोमीटरला पावणेदोन मीटर आडवं घासतं. दोन हजार किलोमीटरला साडेतीन किलोमीटर! आणि कॅम्बरमुळे भार आतल्या कडेवर असला की सगळं घासणं तिथेच होतं. आतली कड गेली की नाव कॅम्बरचं, खातो टो. तळव्याने टायरवर आडवा हात फिरवून बघा, एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने कानशीसारखं खरखरीत लागलं तर टो बिघडलाय.

म्हणूनच दोन्हीकडे चालवायच्या गाडीला माझं मत असं, पुढे कॅम्बर उणे दोनच्या आसपास, मागे त्याहून थोडा कमी, पुढचा टो शून्य, मागे अगदी किंचित टो-इन. मागे टो-आऊट कधीच नको, ब्रेक मारताना मागची बाजू सुटायला बघते. कॅस्टर, म्हणजे बाजूने बघितलं तर चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकाव, मिळेल तेवढा घ्या पण दोन्ही बाजूंना सारखा, त्याने स्टिअरिंग सरळ परत येतं आणि चाक वळवलं की बाहेरच्या चाकाला जादा निगेटिव्ह कॅम्बर आपोआप मिळतो, टायर न खाता. कॅम्बर हलवला की टो हलतोच, त्यामुळे टो सगळ्यात शेवटी. अलाइनमेंट मशीनचं प्रिंटआऊट हिरवं आलं, म्हणजे आकडे कंपनीच्या रेंजमध्ये बसले, म्हणून खूश होऊ नका, ती रेंज बरीच रुंद असते, आकडा वाचा. टायरची हवा आधी बघून घ्या, आणि जमलं तर ड्रायव्हरच्या सीटवर तुमच्या वजनाएवढं वजन ठेवायला सांगा.

पावसाळ्यात मात्र उणे तीन वगैरे नको. सरळ रस्त्यावर टायर पूर्ण टेकत नाही, ब्रेकिंग लांबतं, आणि आतली कड तासलेली असली तर हायवेवरच्या साचलेल्या पाण्यावर गाडी तरंगायला वेळ लागत नाही, उभं राहून बघितलं तर टायर नवाकोरा दिसतो म्हणून स्टिअरिंग पूर्ण वळवून आतून बघायचं. गाडी थोडी डावीकडे ओढत असेल तर लगेच अलाइनमेंटला दोष देऊ नका, पाणी जायला रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो, सपाट जागी तपासा.

आणि खाऱ्या हवेचं काय करायचं ते आधी ठरवा. किनाऱ्यालगत राहणाऱ्या गाडीचे टाय रॉडचे (टो सेट करायच्या दांडीचे) चेकनट आणि कॅम्बरचे बोल्ट गंजून जाम होतात, सुटत नाहीत, मग अलाइनमेंटवाला सुटेल तेवढीच बाजू फिरवतो आणि आकडे कसेबसे जुळवून देतो, स्टिअरिंग तिरकं राहतं ते त्यामुळेच. अपॉइंटमेंटच्या आदल्या दिवशी त्या आट्यांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, सेटिंग झालं की उघड्या आट्यांना ग्रीस लावून घ्या.