जलकुंभ: खांबांवरचा की शाफ्टवरचा?

गावाबाहेर दिसणारे उंच जलकुंभ साधारण दोन तऱ्हेचे. एक, चार-सहा खांबांना आडव्या तुळयांनी बांधलेला. दुसरा, एकाच पोकळ काँक्रीटच्या नळकांड्यावर, म्हणजे शाफ्टवर उभा. खालून पाहणाऱ्याला शाफ्टच भक्कम वाटतो. सलग भिंत, कुठे फट नाही. भूकंपाच्या दृष्टीने हा भरवसा फसवा आहे.

26 जानेवारी 2001 च्या कच्छच्या भूकंपात शाफ्टवरच्या अनेक टाक्यांना तळाजवळ आडव्या, गोलाकार भेगा पडल्या. त्याआधी 1997 मध्ये जबलपूरलाही शाफ्ट असेच तडकले होते. सगळं वजन वर, त्यामुळे जमीन हलली की वाकवणारा सर्वाधिक ताण पायाशी येतो. आणि तिथे भिंत असते जेमतेम 150 ते 200 मिलिमीटर जाडीची! एका बाजूला ती ताणली जाते, दुसऱ्या बाजूला चिरडली जाते. भार वाटून घ्यायला दुसरं काहीच नसतं. शिवाय शाफ्ट ताठ, म्हणून सहसा धक्काही जास्त घेतो.

खांबांच्या सांगाड्यात आडव्या तुळया कामी येतात. त्यांची टोकं आधी तडकतात, सळया वाकतात आणि धक्क्याची ऊर्जा तिथेच खर्ची पडते. खांब टाकी धरून राहतात. एक सांधा गेला तरी बाकीचे असतात.

पण हे सगळं सांध्यांतल्या सळयांवर अवलंबून. उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगा जवळजवळ हव्यात आणि त्यांचे हूक 135 अंशांत आत वळवलेले हवेत. साइटवर घाईत हूक काटकोनात सोडून देतात; धक्क्यात ते उघडतात आणि खांब फुटतो. तसल्या सांगाड्यापेक्षा दोन थरांत सळया घातलेला जाड शाफ्ट मी केव्हाही पत्करेन.

पाण्याचा हिशेब मात्र दोन्हीकडे सारखाच. खालचं पाणी टाकीबरोबर हलतं, वरचं स्वतःच्या संथ लयीत हिंदकळतं. अमेरिकन भूकंप-अभियंते जॉर्ज हाऊसनर यांनी 1963 मध्ये या दोन वस्तुमानांचं सोपं गणित मांडलं होतं. आपल्याकडे आयएस 1893 या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाची 1984 ची आवृत्ती उंच टाकीतलं पाणी एकच वस्तुमान धरत होती. त्याच मानकाच्या 2014 मधल्या दुसऱ्या भागाने ते दोन केले. जुन्या टाकीची तपासणी करताना म्हणूनच तिचं डिझाइन कोणत्या मानकावर झालं, हे आधी विचारावं आणि मग शाफ्ट असेल तर पायाजवळची भिंत, खांब असतील तर सांधे बघावेत.