पार्श्वभूमी: तिसऱ्या वर्षाच्या जागा आणि एप्रिलपर्यंतची वाट

कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजमध्ये (पदवीची पहिली दोन वर्षे शिकवणारे स्थानिक कॉलेज) दोन वर्षे काढून युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात (यूसी) तिसऱ्या वर्षाला जाऊ पाहणारे, म्हणजे ट्रान्सफर घेणारे, विद्यार्थी डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत अर्ज भरतात. निकालासाठी मात्र मार्च-एप्रिल उजाडतो. बर्कली आणि लॉस एंजलिस या दोन कॅम्पसचा निकाल तर बहुधा एप्रिलच्या उत्तरार्धातच लागतो. महाराष्ट्रात डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाणाऱ्यांना गुणवत्ता यादी दिसते, कॅपच्या फेऱ्या असतात, कॉलेजवार कटऑफ कळतो. इथे चालू वर्षाचे काहीच कळत नाही. दिसतात ते मागच्या वर्षीचे आकडे: कोणत्या कॅम्पसने कोणत्या मेजरला (पदवीच्या मुख्य विषयाला) किती जणांना घेतले आणि त्यांचा जीपीए (४ पैकी सरासरी ग्रेड) साधारण कुठे होता. अर्ज एकच असला तरी प्रत्येक कॅम्पस तो स्वतंत्रपणे वाचतो आणि आपापल्या तारखेला निकाल लावतो.

पहिली दोन वर्षे एका संस्थेत आणि पुढची दोन दुसऱ्या संस्थेत ही कल्पना इथे शंभरहून अधिक वर्षे जुनी आहे. १९०७ मध्ये सिनेटर अँथनी कॅमिनेट्टी यांनी मांडलेल्या कायद्याने हायस्कुलांना विद्यापीठाच्या पहिल्या दोन वर्षांचे विषय शिकवण्याची मुभा दिली. १९१० मध्ये फ्रेझ्नोत राज्यातले पहिले ज्युनिअर कॉलेज (आपल्याकडचे अकरावी-बारावीचे नव्हे, तर आजच्या कम्युनिटी कॉलेजचे जुने रूप) सुरू झाले. बर्कलीतले शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक अलेक्सिस लांगे यांनी या कल्पनेचा जोरदार पुरस्कार केला. विद्यापीठाने वरच्या वर्षांवर आणि संशोधनावर भर द्यावा, पायाभूत दोन वर्षे गावोगावच्या कॉलेजांनी सांभाळावीत, असा त्यांचा आग्रह होता.

आजच्या ट्रान्सफरचा खरा पाया १९६० चा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेली मोठी पिढी कॉलेजच्या दाराशी येऊ लागली होती आणि सगळ्यांना विद्यापीठात घेणे राज्याला परवडणारे नव्हते. क्लार्क केर तेव्हा यूसीचे अध्यक्ष होते. त्यांच्या पुढाकाराने ‘मास्टर प्लॅन’ तयार झाला आणि गव्हर्नर पॅट ब्राउन यांच्या सहीने डोनाहो कायदा आला. हायस्कुलातून बाहेर पडणाऱ्यांपैकी वरच्या साडेबारा टक्क्यांना यूसी, वरच्या एकतृतीयांशांना राज्य कॉलेजे (आजची कॅल स्टेट, म्हणजे सीएसयू) आणि बाकी सर्वांना ज्युनिअर कॉलेज, अशी विभागणी ठरली. या उतरंडीवर टीका झाली, अजूनही होते. पण त्याच आराखड्यात एक तरतूद होती, तिची चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही. पहिल्या दोन वर्षांचे विद्यार्थी ४० टक्के आणि वरच्या दोन वर्षांचे ६० टक्के, हे प्रमाण विद्यापीठांनी गाठायचे होते. पहिल्या वर्षाच्या जागा मुद्दाम कमी ठेवल्याशिवाय हे गणित जुळत नाही. तिसऱ्या वर्षात मोकळ्या राहणाऱ्या त्या जागा ट्रान्सफरसाठी होत्या. यूसीचे आजचे उद्दिष्टही त्याच वळणाचे आहे: पहिल्या वर्षाला आलेल्या दर दोन नव्या विद्यार्थ्यांमागे एक ट्रान्सफर.

जागा ठेवल्या, पण रस्ता बांधायला कित्येक दशके गेली. एका कॉलेजचा कॅल्क्युलस कोणत्या कॅम्पसच्या कोणत्या विषयाच्या बरोबरीचा, हे विद्यार्थ्याला एका ठिकाणी पाहता यावे म्हणून १९८५ मध्ये ‘असिस्ट’ ही नोंदप्रणाली सुरू झाली. १९९१ पासून सामान्य शिक्षणाचा सामाईक संच, ‘आयगेटसी’, आला आणि २०२५ च्या फॉलपासून (ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होणाऱ्या सत्रापासून) त्याची जागा ‘कॅल-गेटसी’ने घेतली. २०१० च्या एसबी १४४० कायद्याने ट्रान्सफरची असोसिएट डिग्री (दोन वर्षांची पदवी) आणली. ६० सेमिस्टर युनिटांची (युनिट म्हणजे क्रेडिट) ही पदवी सीएसयूत कुठेतरी प्रवेशाची हमी देते, हव्या त्या कॅम्पसची नाही. यूसीत सरसकट तशी हमी नाही. तिथे आहे ‘टॅग’ (ट्रान्सफर ॲडमिशन गॅरंटी), म्हणजे प्रवेशाची हमी मागणारा वेगळा अर्ज, तोही डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहाच ठिकाणी आणि त्यातल्या एकाच कॅम्पससाठी भरता येणारा. सॅन डिएगो पूर्वी या यादीत होते, नंतर बाहेर पडले. टॅगमध्येही सगळे मेजर नसतात. सँटा बार्बराचे इंजिनिअरिंग त्याबाहेर आहे.

आता वेळापत्रक पाहू. टॅग १ ते ३० सप्टेंबरमध्ये भरायचा. मूळ अर्ज १ ऑक्टोबरपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत सादर करायचा. तो भरताना फॉल सत्र चालूच असते, म्हणजे शेवटच्या वर्षाचे निम्मे ग्रेड अजून हाती नसतात. म्हणून जानेवारीत ‘ट्रान्सफर अकॅडेमिक अपडेट’ भरावा लागतो, साधारण ३१ जानेवारीपर्यंत. त्यात फॉलचे ग्रेड टाकायचे आणि स्प्रिंगचे (जानेवारीनंतरच्या सत्राचे) विषय पक्के करायचे. काही बदल नसला तरी तो सादर करायचाच. अर्जाचे खरे वाचन त्यानंतर होते. निकाल उशिरा लागतो तो म्हणूनच, आणि हा उशीर विद्यार्थ्याच्या फायद्याचाही आहे, कारण शेवटच्या फॉलमधले चांगले ग्रेड मोजले जातात. होकार कळवण्याची तारीखही त्यामुळे १ जून आहे; पहिल्या वर्षाच्या मुलांना ती १ मे असते.

वाट पाहण्याच्या काळात नुकसान होते ते बहुतेक वेळा स्प्रिंगमध्ये. प्रवेश सशर्त असतो. स्प्रिंग संपेपर्यंत ६० सेमिस्टर किंवा ९० क्वार्टर युनिट पूर्ण हवेत (डी अँझा आणि फूटहिल ही क्वार्टर, म्हणजे तिमाही सत्रांच्या, पद्धतीची कॉलेजे), इंग्रजी लेखनाचे दोन आणि गणिताचा एक विषय धरून ठरलेले सात विषय सी किंवा त्याहून वरच्या ग्रेडने झालेले हवेत. मार्चमध्ये जड वाटला म्हणून भौतिकशास्त्राचा विषय सोडला आणि तो नेमका मेजरच्या तयारीचा निघाला, तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो. विषय सोडण्यापूर्वी असिस्टवर तपासावे, काउन्सेलरला विचारावे आणि बदल केलाच तर कॅम्पसला लगेच लेखी कळवावे. दुसरी नेहमीची चूक म्हणजे आधीच्या कॉलेजची नोंद गाळणे. एका उन्हाळ्यात दुसरीकडे घेतलेला आणि अर्ध्यावर सोडलेला विषयही लिहायचा असतो. भारतात बारावीनंतर केलेले वर्षही. टॅगमध्ये एक मेजर आणि अर्जात दुसरे लिहिले की हमी जाते. पर्यायी मेजर जरूर लिहावे, पण प्रत्येक कॅम्पस ते पाहतोच असे नाही. अंतिम ट्रान्सक्रिप्ट (अधिकृत गुणपत्रक) कॅम्पसने दिलेल्या जुलैमधल्या मुदतीपर्यंत पोचवायची असते आणि ती मागवण्याची जबाबदारी विद्यार्थ्याची.

पुण्या-मुंबईहून थेट कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्या एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावरच्या मुलांना काही गोष्टी वेगळ्या आहेत. राज्याबाहेरच्यांसाठी किमान जीपीए २.८ आहे, रहिवाशांसाठी २.४. हा किमान आकडा फक्त अर्ज करण्यापुरता. बर्कली-लॉस एंजलिसच्या मागणी असलेल्या मेजरना प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ वरचा लागतो. होकार दिल्यावर जुन्या कॉलेजकडून सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीतली) नोंद नव्या कॅम्पसकडे वळवून घ्यावी लागते आणि नवा आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी लागणारे संस्थेचे प्रमाणपत्र) तिथून येतो. अभ्यासक्रम संपल्यापासून ६० दिवसांत ही नोंद वळवण्याची विनंती करायची, आणि नवे शिक्षण पाच महिन्यांच्या आत सुरू व्हायला हवे. जूनमध्ये संपवून सप्टेंबरअखेर यूसीत दाखल होणाऱ्याला हे अंतर पुरते. युनिट लवकर पुरे झाले म्हणून डिसेंबरमध्येच शिक्षण थांबवणाऱ्याला पुरत नाही. त्याने स्प्रिंगमध्येही पूर्णवेळ नाव नोंदवून ठेवावे आणि त्या सत्राचे ग्रेडही तितक्याच गांभीर्याने घ्यावेत.